स्ट्रोब भिजला, वाळवला, तरी लखलखेना

गणपती उठले, घटस्थापना तोंडावर आली, आणि मांडवांवरून, गच्च्यांवरून उतरवलेले स्ट्रोब (लखलखणारे दिवे) आता दुरुस्तीच्या टेबलावर आले आहेत. या महिन्यातली बहुतेक पत्रं भिजलेल्या स्ट्रोबचीच आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

उत्तरांआधी एक गोष्ट. ती वाचल्याशिवाय एकही स्क्रू काढू नये. झेनॉन स्ट्रोबमध्ये लाइन वेगळी करणारा ट्रान्सफॉर्मर बहुधा नसतो. २३० व्होल्टची लाइन थेट डायोडवर जाते आणि मुख्य कॅपॅसिटर ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज होतो. काही सर्किटमध्ये व्होल्टेज दुप्पट केलेलं असतं, तिथे हा आकडा ६०० च्या पुढे जातो. प्लग काढल्यावरही चार्ज आत बसून राहतो. म्हणून प्लग काढल्यावर १० किलो-ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना इन्सुलेशन असलेल्या वायरी जोडून, कॅपॅसिटरच्या दोन पायांवर ५ सेकंद धरा. मग मीटर लावा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात लावायचा नाही. ट्रिगरचा, म्हणजे फ्लॅश सुरू करणाऱ्या भागाचा, छोटा कॅपॅसिटर वेगळा असतो, त्यालाही हेच करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करण्याची सवय सोडा. त्या ठिणगीने बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक उडतो आणि कॅपॅसिटरही दुखावतो. ज्यांच्याकडे मल्टिमीटर नाही, त्यांनी स्ट्रोब न उघडता जाणकाराकडे द्यावा.

प्रश्न : आमच्या मंडळाचे १२ झेनॉन स्ट्रोब मिरवणुकीत वाकडी बारवपासून मेन रोडपर्यंत भर पावसात ट्रॅक्टरवर होते. दुसऱ्या दिवशी ५ पूर्ण बंद, ४ मध्ये नुसता 'टिक टिक' आवाज, आणि एक लावला की आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) पडतो. दोन दिवस उन्हात ठेवले. टिकटिकणाऱ्यांपैकी तीन स्ट्रोब तासभर चालले आणि पुन्हा थांबले. आता काय करावं?
— कार्यकर्ता, जुने नाशिक

तासभर चालून थांबले, यातच उत्तर आहे. उन्हाने पाणी उडालं, पण पाण्याबरोबर आत गेलेली धूळ, गुलाल आणि रस्त्याचा चिखल बोर्डावरच राहिला. तो थर कोरडा असताना गप्प बसतो. भाद्रपदातल्या दमट हवेत रात्री तो पुन्हा ओल धरतो आणि पायांमधून वीज झिरपू देतो. शिवाय ट्रिगर ट्रान्सफॉर्मरच्या आणि मोठ्या कॅपॅसिटरच्या बुडाखाली पाण्याचा थेंब अडकून राहतो, तिथे ऊन पोचत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी धुवा, मग वाळवा, मग तपासा. भिजलेली वस्तू पुन्हा धुवायची हे ऐकायला विचित्र वाटतं, पण घाण गेल्याशिवाय वाळवण्याला अर्थ नाही.

काच किंवा लेन्स काढून बाजूला ठेवा. बोर्ड बाहेर काढा. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, १२ स्ट्रोबना २ लिटर पुरतं. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार वाळल्यावर बोर्डावरच राहतात. मऊ टूथब्रशने दोन्ही बाजू घासा, विशेषतः ट्रिगर ट्रान्सफॉर्मरच्या तीन पायांभोवती. मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तसंच एकदा. ते उरलेलं पाणी ओढून बाहेर काढतं. एका बोर्डाला २० मिलिलिटर पुष्कळ झालं. हे काम उघड्या हवेत, आसपास ज्योत नसताना करावं. थिनर आणि पेट्रोल वापरू नका. पॉलिकार्बोनेटची लेन्स थिनरने पांढुरकी पडते आणि तडकते.

वाळवायला पत्र्याचा मोठा डबा घ्या, वर-खाली भोकं पाडा, आत ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा आणि बोर्ड बल्बपासून वीतभर लांब जाळीवर ठेवा. आतलं तापमान ५० अंशांच्या आसपास हवं, ६० च्या वर जाऊ देऊ नका. तपकिरी फिनॉलिक बोर्ड पाणी आत शोषतो, त्याला ८ तास द्या. हिरव्या फायबरग्लास बोर्डाला ४ तास चालतात. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याने काही साधत नाही, उलट तांदळाची भुकटी आत जाते.

आता टिकटिकणारे चार. ट्रिगर ट्रान्सफॉर्मर ट्यूबवर गुंडाळलेल्या बारीक तारेला सुमारे ४,००० व्होल्टचा क्षणिक झटका देतो. त्याने ट्यूबमधला झेनॉन वायू वाहक बनतो आणि मुख्य कॅपॅसिटर ट्यूबमधून रिकामा होतो. तोच लखलखाट. टिक आवाज येतो म्हणजे ट्रिगर सुटतो आहे, पण झटका ट्यूबपर्यंत न पोचता वाटेत कुठेतरी उतरतो आहे. खोलीत पूर्ण अंधार करा, स्ट्रोब चालू करून हातभर अंतरावरून फक्त बघा. बोर्डावर, ट्यूबच्या बुडाशी किंवा तारेच्या कडेला निळसर बारीक ठिणगी दिसेल. प्लग काढून, कॅपॅसिटर रिकामा करून ती जागा भिंगाखाली धरा. केसाएवढी काळी रेघ दिसते, दोन पायांच्या मधोमध, कधी कधी झाडाच्या मुळांसारखी फाटे फुटलेली. तो जळून झालेला कार्बन आहे आणि तो कितीही धुतला तरी जात नाही. धारदार ब्लेडने, खालचा स्वच्छ रंग दिसेपर्यंत, खरवडून काढा. रेघ खोल गेली असेल तर तिथे २ मिलिमीटर रुंदीची फट कापा. हवा हे त्या जागी जळक्या बोर्डापेक्षा चांगलं इन्सुलेशन आहे. ट्रिगरची तार बाकीच्या कुठल्याही धातूपासून ६ मिलिमीटर तरी दूर वळवा. ट्यूबची काचही अल्कोहोलने पुसा. काचेवर पाण्याचा किंवा बोटांच्या तेलाचा थर असेल तर झटका त्यावरून पसरून ट्यूबच्या टोकाला उतरतो.

ठिणगी कुठेच दिसली नाही तर ट्रिगर ट्रान्सफॉर्मर मोजा. प्रायमरी एक ओहमपेक्षाही कमी, सेकंडरी काही दहा ते काही शे ओहम यायला हवी. सेकंडरी उघडी आली तर तो गेला. तिची तार केसापेक्षा बारीक असते. पायाशी जिथे ती वेटोळं घेऊन सोल्डर केलेली असते, तिथेच हिरवट कळंक धरून तुटते. ती टोकं जोडण्याच्या भानगडीत न पडता ४ किलोव्होल्टचा नवा ट्रान्सफॉर्मर टाका, फक्त पायांची जुळणी जुन्याप्रमाणे पाहून घ्या.

पूर्ण बंद असलेले पाच या क्रमाने बघा: इनपुटचा फ्यूज रेझिस्टर (बहुधा १० ते ४७ ओहम), मग १एन४००७ डायोड, मग मुख्य कॅपॅसिटर, मग एससीआर (ट्रिगर सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच). कॅपॅसिटरचं डोकं फुगलेलं किंवा बुडाशी चिकट डाग असेल तर बदला. साध्या सर्किटला किमान ४०० व्होल्टचा, मिळाला तर ४५० व्होल्ट आणि १०५ अंशांचा घ्या. दुप्पट व्होल्टेजच्या सर्किटमध्ये जुन्यावर छापलेल्या व्होल्टेजच्या खाली जाऊ नका. एससीआर म्हणून एमसीआर१००-८ चालतो. दुरुस्तीनंतर थेट लाइनवर लावू नका. ६० वॉटच्या साध्या बल्बच्या सिरीजमध्ये लावा. बल्ब पूर्ण पेटला तर आत अजून शॉर्ट आहे. अंधुक लुकलुकला तर ठीक.

आरसीसीबी पाडणारा दहावा वेगळा ठेवा. त्याची लाइन आणि न्यूट्रल एकत्र जोडा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) ही जोडी व धातूची बॉडी यांच्यामध्ये मोजा. लाइन आणि न्यूट्रलच्या मध्ये मेगर कधीही लावू नका, आतले पार्ट जातील. १ मेगाओहमच्या खाली आला तर तो मांडवावर चढवायचा नाही. आणि बाकीचे अकराही याच पद्धतीने मोजून घ्या, कारण एकटा स्ट्रोब ३ मिलिअँपियर झिरपवत असेल तर कुणाला कळत नाही, पण असे १० एका लाइनवर आले की ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी पडतो. अशा वेळी काही लाइटिंगवाले आरसीसीबी बायपास करतात. ट्रॅक्टरच्या लोखंडाला ओल्या अंगाने टेकलेली पोरं असतात, हे डोळ्यांसमोर ठेवा आणि तसं कुणालाही करू देऊ नका.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतजवळ शेतघराच्या कंपाउंडवर गेल्या दिवाळीत चार झेनॉन स्ट्रोब लावले होते. संध्याकाळी व्यवस्थित, सेकंदाला तीन वेळा चमकत. रात्री अकरानंतर मंदावत आणि पहाटे थांबत. सकाळी ऊन आलं की पुन्हा सुरू. पाऊस तर नव्हताच. मग ओल कुठून?

दवाची. ज्या रात्री द्राक्षांच्या पानांवर दव दिसतं, त्याच रात्री ते स्ट्रोबच्या आतही धरतं. तुमचा कुठलाही पार्ट गेलेला नाही, ही चांगली बातमी.

चमकण्याचा वेग एक रेझिस्टर आणि एक छोटा कॅपॅसिटर ठरवतात. समजा रेझिस्टर २.२ मेगाओहम आणि कॅपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरॅड आहे. ३२५ व्होल्टवरून तो कॅपॅसिटर भरत जातो, सर्किटमधल्या छोट्या निऑन दिव्याच्या सुमारे ९० व्होल्टला पोचला की निऑन पेटतो, एससीआर सुटतो आणि फ्लॅश होतो. दर वेळी कॅपॅसिटर पूर्ण रिकामा होतो असं धरलं तर याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, म्हणजे सेकंदाला तीन फ्लॅश. आता त्याच कॅपॅसिटरच्या पायांमध्ये ओलसर धुळीचा थर आला आणि तो १ मेगाओहमचा रस्ता बनला, तर कॅपॅसिटर १०० व्होल्टच्या जेमतेम वर जाऊ शकतो. ९० ला पोचायला त्याला ०.७ सेकंद लागतात आणि वेग निम्म्यावर येतो. थर आणखी ओला होऊन अर्ध्या मेगाओहमवर आला की कॅपॅसिटर ६० व्होल्टलाच अडकतो. निऑन पेटतच नाही, स्ट्रोब थांबतो. सकाळी थर सुकला की सगळं पूर्ववत.

साध्या विजेच्या वस्तूत मेगाओहमची गळती कुणी मोजतही नाही, इथे मात्र तीच सगळा खेळ बिघडवते. म्हणून या सर्किटला स्वच्छता सगळ्यात जास्त लागते. वर सांगितल्याप्रमाणे धुवा, वाळवा, आणि बोर्ड कोमट असतानाच अ‍ॅक्रिलिक कोटिंग स्प्रेचे दोन पातळ हात द्या, मध्ये अर्धा तास ठेवून. ट्यूब आणि वेग बदलायचा प्रीसेट असेल तर त्यावर आधी कागदी टेप लावा. कोटिंगची घाई करून ओल्या बोर्डावर मारलं तर ओल कायमची आत बंद होते. तसं झालेला बोर्ड न मारलेल्यापेक्षा वाईट असतो.

प्रश्न : दुकानाच्या पाटीवरच्या स्ट्रोबला चारही बाजूंनी सिलिकॉन भरलं, वायरच्या भोकातही भरलं. तरी पंधरा दिवसांत काचेच्या आत पाणी, आणि आतलं तांबं हिरवं. सिलिकॉन चांगल्यातलं होतं. कुठे चुकलं?
— सिडको

दोन ठिकाणी चुकलं, आणि दोन्ही चुका इतक्या सर्रास होतात की सविस्तर लिहितो.

पहिली चूक सिलिकॉनच्या जातीची. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला असेल तर ते अ‍ॅसिटिक जातीचं. ते घट्ट होताना अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सोडतं. खिडकीच्या काचेला ते उत्तम, पण बंद डब्यात ती वाफ कोंडते आणि तांबं खाते. हिरवा रंग बराचसा त्याचाच. सिलिकॉनच्या ट्यूबवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं घ्या. तेही दिवसाला २-३ मिलिमीटर जाडीनेच पिकतं, त्यामुळे जाड भरलं असेल तर झाकण बंद करण्याआधी तीन दिवस उघडं ठेवा.

दुसरी चूक जास्त मोठी. स्ट्रोब चालू असताना आतली हवा तापून फुगते आणि सापडेल त्या फटीतून बाहेर पडते. बंद झाल्यावर, किंवा गरम काचेवर पावसाची सर आली की एकदम, आतली हवा आकसते आणि बाहेरची ओली हवा आत ओढते. सिलिकॉनमध्ये सुईएवढी फट राहिली तरी पुरते. रोज थेंबभर आत येतं आणि बाहेर पडायला वाट नसते. पाणी आत येण्यापेक्षा ते आत मुक्काम करतं, याने स्ट्रोब मरतो. म्हणून साध्या, गॅस्केट नसलेल्या स्ट्रोबला टांगल्यावर जो भाग सगळ्यात खाली येतो, तिथे ५ मिलिमीटरचं एक भोक पाडा. ३ मिलिमीटरपेक्षा लहान भोकात थेंब अडकून बसतो. आत बारीक नायलॉन जाळी चिकटवा, मुंग्या येणार नाहीत. बॉडीवर आयपी६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलं असेल आणि रबरी गॅस्केट असेल, तर मात्र भोक पाडू नका. गॅस्केट कडक झाली असेल, ती बदला आणि स्क्रू समोरासमोरच्या जोडीने सारखे आवळा.

वायरच्या भोकात सिलिकॉन कोंबण्याऐवजी वायरच्या जाडीची केबल ग्लँड (वायर घट्ट धरून भोक बंद करणारा भाग) बसवा. पीजी७ मापाची बहुतेक ठिकाणी पुरते. वायर वरून उतरत थेट आत जात असेल तर पाणी तिच्यावरूनच आत येतं. ती आधी दिव्याच्या खाली १५ सेंटिमीटर झोळ देऊन मग वर आत न्या, पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल. आणि एक जागा सगळे विसरतात. वायरचं दुसरं टोक जर उघड्यावर नुसत्या काळ्या टेपने जोडलेलं असेल, तर पाणी तांब्याच्या बारीक तारांमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, इन्सुलेशनच्या आतून सरकत स्ट्रोबपर्यंत येतं. बाहेरून सगळं कोरडं दिसतं. जोड झाकण असलेल्या वॉटरप्रूफ डब्यात घ्या, किंवा आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. वायर कापून बघा. आतलं तांबं काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा.

प्रश्न : नाताळ आणि फेब्रुवारीतली बाल येशूची यात्रा, दोन्हीला वापरायचे दोन एलईडी स्ट्रोब आहेत. अवकाळी पावसानंतर दोन्हींत अर्धे एलईडी पेटतात, अर्धे नाहीत. ड्रायव्हर बदलू का?
— नाशिकरोड

नका. अर्धे पेटतात म्हणजे ड्रायव्हर, म्हणजे एलईडींना वीज पुरवणारा भाग, जिवंत आहे. एलईडी दोन ओळींत आहेत. प्रत्येक ओळ सिरीज असते आणि एक एलईडी किंवा एक जोड उघडला की ती सगळी ओळ जाते. दोष एकाच ठिकाणी असण्याची शक्यता जास्त.

प्लग काढा, ड्रायव्हरचा आउटपुट कॅपॅसिटर रिकामा करा. मग ९ व्होल्टची बॅटरी आणि १ किलो-ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घेऊन बंद ओळीतल्या एकेका एलईडीला स्पर्श करा. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, ६ मिलिअँपियरला तो स्पष्ट पेटतो. जो पेटणार नाही, त्याचा पिवळा ठिपका बहुधा करडा झालेला दिसेल. आत शिरलेल्या ओलीने तळाचा चांदीचा थर काळवंडतो. तो त्याच आकाराचा, त्याच करंटचा बदला. सगळे पेटले तर दोष सोल्डरच्या जोडात किंवा तारेत आहे. एका चिपमध्ये अनेक एलईडी असलेल्या सीओबी जातीला ९ व्होल्टने काही होणार नाही, तिला ही चाचणी लावू नका.

यात्रा तोंडावर असेल आणि एलईडी मिळत नसेल, तर कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरवरच्या १० च्या ओळीत एक मेलेला एलईडी तारेने शॉर्ट करून वेळ निभावता येते. दुसरा शॉर्ट करू नका. साध्या १२ किंवा २४ व्होल्टवर चालणाऱ्या पट्टीत एकही नको.

प्रश्न : भिजलेल्या स्ट्रोबचा ४.७ मायक्रोफॅरॅडचा कॅपॅसिटर गेला. घरात ४७ चा पडला आहे, ४०० व्होल्टचाच. तो टाकला तर उजेडही जास्त पडेल ना?
— पंचवटी

दोन-तीन रात्री पडेल. ३२५ व्होल्टला ४.७ मायक्रोफॅरॅडमध्ये पाव ज्यूल ऊर्जा असते, ४७ मध्ये अडीच. सेकंदाला तीन फ्लॅश धरले तर ट्यूबवर पाऊण वॉटऐवजी साडेसात वॉट पडतील. छोट्या ट्यूबची टोकं आतून काळी पडतील, काच तडकेल, आणि कॅपॅसिटर भरणारा रेझिस्टर जळेल तो वेगळाच. ४.७ च्या जागी ४.७ च टाका. उजेड कमी वाटत असेल तर आधी लेन्स आणि मागचा रिफ्लेक्टर स्वच्छ करा.

वेगही सेकंदाला तीनच्या वर नेऊ नका. त्यापुढच्या लखलखाटाने अपस्मार असलेल्या माणसाला झटका येऊ शकतो, आणि गर्दीत असं कोण उभं आहे हे आपल्याला दिसत नाही.

प्रश्न : दुरुस्त केलेले स्ट्रोब दिवाळीनंतर पुढच्या गणपतीपर्यंत नीट राहावेत म्हणून कसे ठेवावेत?
— सातपूर

उतरवल्या दिवशीच पुसा आणि वाळवा, 'नंतर बघू' म्हणून गोणीत भरू नका. प्रत्येकी ५ ग्रॅम सिलिका जेलची पुडी घालून झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा, डबा जमिनीला न टेकवता फळीवर. रंग बदलणारं जेल मिळालं तर बरं, ओलं झालेलं ओळखता येतं आणि मंद आचेच्या तव्यावर ते पुन्हा कोरडं करता येतं. वायर स्ट्रोबला करकचून गुंडाळू नका, ग्लँडपाशी इन्सुलेशन चिरतं. वरचा मेगरचा आकडा एका चिठ्ठीवर तारखेसकट लिहून डब्यात टाका. पुढच्या वर्षी तोच आकडा पुन्हा मोजा, निम्म्यावर आला असेल तर तो स्ट्रोब मांडवावर नेण्याआधी उघडा.

काढल्यावर पहिल्यांदा ६० वॉटच्या सिरीज बल्बवर अर्धा तास चालवा. आठ-दहा महिने पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुरुवातीला जास्त करंट ओढतो. सिरीज बल्ब त्यावर लगाम ठेवतो आणि कॅपॅसिटर सावकाश पूर्ववत होतो.